वर्तुळ लंबगोल का झाले?

२०२४ सालच्या पावसाळ्यातील ही गोष्ट आहे. बेळगावपासून बसने तासाभराच्या अंतरावर असलेल्या आमच्या सरकारी शाळेच्या संगणक-कक्षात आठवीचा भूमितीचा तास चालू होता. बाहेर पाऊस असा कोसळत होता की पत्र्यावरच्या आवाजात शिकविणाऱ्याचा आवाज बुडून जावा. मी कचेरीत हजेरीपत्रके तपासीत बसलो होतो. इतक्यात गणिताच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सर, जरा येऊन पाहता का? आमची वर्तुळे वर्तुळे राहिली नाहीत.”

जाऊन पाहिले. जिओजेब्रा नावाच्या भूमितीच्या प्रणालीत मुलांनी वर्तुळे काढली होती. आठांपैकी तीन पडद्यांवर ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी गोल होती. उरलेल्या पाचांवर मात्र कोणीतरी वरून दाबल्यासारखी ती आडवी पसरलेली होती. बाईंनी लाकडी पट्टी पडद्याला लावून दाखविली. उंची दहा सेंटिमीटर भरली, तर रुंदी बारा. अक्षरांच्या कडा धूसर झालेल्या आणि शिरोरेषा पाण्यात भिजलेल्या दोऱ्यासारख्या पसरलेल्या होत्या.

हे आठ मॉनिटर त्याच उन्हाळ्यात आम्हांला देणगीदाखल मिळाले होते. शहरातील एका कार्यालयाने नवे घेतले, म्हणून जुने आमच्याकडे आले. १९ इंची, रुंद आकाराचे आणि दिसावयास चांगले होते. त्यांच्याबरोबर केबली नव्हत्या. तीन केबली आमच्या अडगळीत पडलेल्या जुन्या जाड मॉनिटरांच्या निघाल्या आणि उरलेल्या पाच मी स्वतः बाजारातून आणल्या. घासाघीस करून आणल्या, याचे त्या वेळी मला समाधानही वाटले होते.

एकाच खोलीत, एकाच जातीची आठ यंत्रे असताना तीन नीट व पाच बिघडलेली, याचा अर्थ मी जो लावला तो शिक्षकी पेशात तीस वर्षे काढलेला मनुष्य लावील तसाच होता. मुलांनी काहीतरी ‘सेटिंग’ बदलले! आठवीच्या मुलांना उभे करून विचारले. कोणी बोलेना. तेव्हा मी संपूर्ण वर्गाला महिनाभर संगणक-कक्ष बंद केला.

त्याच सुमारास पारितोषिक-वितरण समारंभ आला. प्रमाणपत्रे आमच्या कारकुनांनी त्या पाचांपैकीच एका यंत्रावर तयार केली आणि मी पडद्यावर डोळ्यांखालून घालून छापावयास दिली. धावण्याच्या शर्यतीत पहिल्या आलेल्या एका मुलाचे आडनाव घाडी. आमच्या भागात हे आडनाव पुष्कळ आढळते. प्रमाणपत्रावर छापून आले ‘धाडी’. व्यासपीठावरून पाहुण्यांनी ते जसेच्या तसे वाचले. सभामंडपात हशा पिकला आणि पुढचे कित्येक दिवस त्या मुलाला ‘कुठे धाड घातलीस रे?’ असे विचारणाऱ्यांची वाण पडली नाही. तो प्रमाणपत्र परत घेऊन माझ्याकडे आला, टेबलावर ठेवले आणि काही न बोलता निघून गेला. मी पुन्हा त्या पडद्यापुढे जाऊन बसलो. ‘घ’ आणि ‘ध’ मध्ये जो काय थोडासा फरक असतो, तो तेथे दिसतच नव्हता. ‘भ’ आणि ‘म’ची तीच गत आणि ‘प’ व ‘ष’चीही. अनुस्वार तर माशी बसावी तसा वाटे.

तेव्हा मात्र मॉनिटरच सदोष आहेत असे माझे मत झाले. पाचही निकामी म्हणून वरिष्ठांना कळवावयाचे पत्र मी लिहून ठेवले. ते पोस्टात पडले नाही याचे श्रेय आमच्या एका माजी विद्यार्थ्याला आहे. तो बेळगावात संगणक-दुरुस्तीच्या दुकानात काम करतो. बहिणीचा दाखला नेण्यासाठी तो आला असता मी त्याला खोलीत नेले. त्याने एक मॉनिटर पाहिला, मागे हात घालून केबल चाचपली आणि हसून म्हणाला, “सर, मॉनिटरला काही झालेलं नाही बघा. केबल कुठनं आणलासा?”

मी गप्प राहिलो.

पुढे तासभर त्याने जे समजावून सांगितले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून येथे देत आहे. आज आपल्या घरोघरी संगणक आहे. मुले-नातवंडे पुण्यास, बंगळुरास किंवा परदेशी असतात आणि त्यांची तोंडे आपण याच पडद्यांवर पाहतो. ती रुंद किंवा पुसट दिसली तर आपण डोळ्यांना, चष्म्याला किंवा मॉनिटरला दोष देऊन मोकळे होतो.

आपल्या बायकांना ठिपक्यांची रांगोळी ठाऊक आहे. उंबऱ्यापुढे आधी ठिपके घालून घेतात, मग त्यांवरून रेषा फिरवितात. मॉनिटरचा पडदा म्हणजे कारखान्यातच घालून ठेवलेले ठिपके होत. यांना पिक्सेल म्हणतात. आमच्या मॉनिटरांवर आडवे १४४० आणि उभे ९००, म्हणजे १२,९६,००० ठिपके आहेत. ते कमी होत नाहीत आणि वाढत नाहीत. संगणकाने बरोबर तितक्याच ठिपक्यांची आकृती पाठविली, तर एकेका ठिपक्यावर एकेक ठिपका बसतो आणि अक्षर रेखीव उमटते. पण संगणकाने १०२४ आडव्या व ७६८ उभ्या ठिपक्यांची आकृती पाठविली तर? मॉनिटर ती टाकून देत नाही, ताणून बसवितो. आडवा एक ठिपका सुमारे १.४ ठिपक्यांवर पसरावा लागतो. आता ठिपक्याचे तुकडे होत नाहीत, म्हणून शेजारच्या ठिपक्यात अर्धवट रंग मिसळून वेळ मारून नेली जाते. धूसरपणा येतो तो येथून. आणि उभा ताण सुमारे १.१७ पट व आडवा १.४ पट, असा विषम असल्यामुळे वर्तुळ लंबगोल होते. दहाचे बारा का झाले, याचे उत्तर या भागाकारात आहे.

रोमन लिपीचे अक्षर या ताणातून त्या मानाने बरे निभावते. आपल्या देवनागरीचे तसे नाही. शिरोरेषा लहान आकारात एकाच ठिपक्याच्या जाडीची असते. ती दोन रांगांत विभागली की काळी न राहता करडी होते आणि शब्दाचा कणाच ढिला पडतो. वर रफार, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, म्हणजे तीन मजली इमारत दोन-तीन मिलिमीटरांत उभी करावयाची! कवी व अक्षररचनाकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी ‘मंगल’ हा देवनागरी टंक रचला. विंडोज २००० पासून तो लक्षावधी संगणकांवर गेला. ज्या टंकातील एकेका वळणामागे एका जाणत्या माणसाचा विचार आहे, तो आपण चुकीच्या ठिपकेसंख्येवर सारवून टाकतो, ही गोष्ट मराठीच्या शिक्षकाला तरी बोचली पाहिजे. मला ती ‘धाडी’ होईपर्यंत बोचली नव्हती, हे कबूल करतो.

पण मॉनिटरमध्ये १४४० ठिपके असताना संगणकाने १०२४ का पाठवावे? आमच्या विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारला, “सर, टी.सी. न घेता मुलगा आला तर तुम्ही त्याला कुठल्या वर्गात बसवता?” मी म्हटले, “विचारपूस करून अंदाजाने, आणि शक्यतो खालच्या वर्गात.” “तसंच की सर हे.”

प्रत्येक मॉनिटरच्या पोटात त्याचा दाखला साठविलेला असतो. कारखानदाराची तीन अक्षरी खूण, निर्मितीचे वर्ष, कोणत्या ठिपकेसंख्या चालतात व त्यांतील सर्वांत पसंतीची कोणती, हे सारे १२८ बाइटांच्या एका छोट्या नोंदीत असते. तिला एडिड म्हणतात. ‘व्हेसा’ या संस्थेने १९९४ साली ही पद्धत ठरवून दिली. मॉनिटर जोडला की संगणक हा दाखला मागवितो आणि वाचून त्याप्रमाणे चित्र पाठवितो. आपल्याला काहीच करावे लागत नाही. पंधरा टाचण्यांची जी निळ्या डोक्याची केबल आपण पाहतो, ती व्हीजीए पद्धतीची. आय.बी.एम.ने १९८७ साली ही पद्धत आणली, तेव्हा दाखल्याची ही व्यवस्था नव्हती. ती पुढे त्याच पंधरा टाचण्यांत सामावून घेण्यात आली. १२ व १५ क्रमांकाच्या टाचण्यांवरून दाखला येतो. चित्राच्या तांबड्या, हिरव्या, निळ्या रंगांच्या तारा निराळ्या असतात. म्हणून या दोन तारा नसल्या तरी चित्र दिसतेच, आणि दिसते म्हणून केबल चांगली आहे असे आपण समजतो. स्वस्त केबलीत नेमक्या याच तारा वगळलेल्या असू शकतात. कधी टाचणी असते पण आत तार नसते. (नववी टाचणी नसल्यास घाबरू नये. पुष्कळ चांगल्या केबलींतही ती नसते.)

दाखला न मिळाल्यामुळे आमच्या संगणकांनी अंदाज केला. यादीत पाहिले तर १०२४×७६८, ८००×६००, ८४८×४८० आणि ६४०×४८० एवढेच पर्याय. १४४०×९०० चे नावही नाही. बिचाऱ्या मुलांनी बदलावयाचे ठरविले असते तरी त्यांना बदलण्यासारखे काही नव्हते. ती यादी पाहताना माझ्या मनात काय आले असेल ते वाचकांनी ओळखावे.

त्याच्या पिशवीत दोन चांगल्या केबली होत्या. त्या लावून यंत्रे पुन्हा सुरू केली आणि क्षणात वर्तुळे गोल झाली. उरलेल्या तीन यंत्रांसाठी त्याने दुसरा उपाय केला. दाखला येत नसेल तर आपणच तो हाताने लिहून द्यावयाचा. यालाच आपल्या पसंतीची ठिपकेसंख्या घडविणे म्हणतात. आमच्या यंत्रांवर लिनक्स आहे. त्यात ‘सीव्हीटी’ ही आज्ञा देऊन पुढे १४४०, ९०० आणि ६० हे आकडे लिहिले की एक लांबलचक ओळ मिळते. १०६.५० हा पहिला आकडा, मग १४४०, १५२८, १६७२, १९०४ आणि त्यापुढे ९००, ९०३, ९०९, ९३४. ती ओळ ‘एक्सरँडआर’ या आज्ञेने तीन पायऱ्यांत संगणकाला शिकवावयाची. आधी नवी रीत नोंदवावयाची, मग ती त्या जोडणीला द्यावयाची आणि शेवटी लागू करावयाची.

१४४० ठिपके हवे असताना १९०४ कशाला, हे मी विचारल्यावाचून राहिलो नाही. उत्तर मोठे रंजक आहे. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे ओळ लिहीत जाई. ओळ संपल्यावर, आपण लेखणी उचलून पुन्हा समासापाशी आणतो तसे, त्याला परत यावयास वेळ लागे. पान संपल्यावर वरच्या कोपऱ्यात जाण्यास आणखी वेळ लागे. तो रिकामा वेळही ठिपक्यांत मोजतात. म्हणून ओळीत १९०४ आणि पानात ९३४ ओळी धरावयाच्या. गुणाकार १७,७८,३३६. सेकंदाला १०.६५ कोटी ठिपके या वेगाला त्याने भागले की सेकंदाला जवळजवळ ६० पाने होतात. आज झोत नाही आणि नळीही नाही, पण तो समास राहिला आहे.

साठाऐवजी पंचाहत्तर पाने केली तर चित्र अधिक स्थिर दिसेल, अशी मला हौस आली. माझ्या आग्रहास्तव त्याने तेही करून पाहिले. पडदा काळा झाला आणि मधोमध एक छोटी चौकट तरंगू लागली. मागणी मर्यादेबाहेरची आहे, अशा अर्थाची इंग्रजी सूचना तीत होती. माझ्या काळजाचा ठोका चुकला. तो मात्र शांतपणे म्हणाला, “घाबरू नका सर, अजून कायमचं केलं नाही.” यंत्र बंद करून सुरू करताच जुनी स्थिती परत आली. ही रीत पुन्हा सुरू केल्यावर टिकावी असे वाटल्यास ती निराळी लिहून ठेवावी लागते आणि नीट चालते अशी खात्री झाल्याशिवाय तसे करू नये. नव्या लिनक्सांत ‘वेलँड’ नावाची पद्धत असते, तेथे ही आज्ञा चालत नाही, हेही लक्षात ठेवावे. विंडोजमध्ये ठिपकेसंख्या बदलली की ‘हे ठेवू का?’ असा प्रश्न येतो आणि १५ सेकंदांत उत्तर न दिल्यास पूर्वीची स्थिती आपोआप येते. पडदा काळा झाला तर घाईघाईने बटणे दाबू नयेत. हात बांधून पंधरा आकडे मोजावेत.

स्वतः आकडे घडविण्याचा हा उपाय शेवटचा होय. एखाद्या मॉनिटरचा दाखलाच खराब झाला असेल किंवा मधे लावलेला जोड-डबा तो पुढे जाऊ देत नसेल, तेव्हाच याचा आधार घ्यावा. शिवाय यात बारकावेही आहेत. पुष्कळ लॅपटॉपांचे पडदे १३६६×७६८ चे असतात. १३६६ ला आठाने भाग जात नाही, आणि सीव्हीटी आठाच्या पटीत मोजते, म्हणून ती १३६८ देते. दोन ठिपके जास्त दिसले म्हणून आपलेच गणित चुकले असे समजू नये.

घरच्या संगणकाविषयी आमच्या विद्यार्थ्याकडून कळलेले दोन शब्द सांगतो. विंडोजच्या मुख्य पडद्यावर मोकळ्या जागी उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’मध्ये जावे. ठिपकेसंख्येच्या यादीत एका आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ असे लिहिलेले असते. तो मॉनिटरने स्वतः सांगितलेला आकडा होय आणि तोच ठेवावा. तो आकडाच यादीत नसेल तर प्रथम केबल बदलून पाहावी. केबल चांगली असूनही यादी आखूड राहिली, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून पाहावे. तेथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टर’ असे नाव असल्यास चित्र काढणाऱ्या भागाचा योग्य ड्रायव्हर बसविलेला नाही असे समजावे. विंडोज नव्याने घातल्यावर असे पुष्कळदा घडते. ड्रायव्हर संगणकाच्या किंवा त्या भागाच्या उत्पादकाकडूनच घ्यावा.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत एक चूक तर मी आमच्याच घरात केली आहे. आमच्या आईला अक्षरे बारीक दिसतात म्हणून मी ठिपकेसंख्या कमी करून दिली होती. अक्षरे मोठी झाली खरी, पण ती फुगली आणि पुसट झाली. आई म्हणे, “मोठं दिसतं रे, पण वाचवत नाही.” मी तिच्या मोतीबिंदूला दोष दिला. वास्तविक त्याच सेटिंग्जमध्ये ‘स्केल’ नावाचा निराळा पर्याय आहे. तो १२५ किंवा १५० टक्के केला की ठिपके सगळे राहतात आणि अक्षर तेवढे मोठ्या आकारात नव्याने रेखले जाते. आता आई दीडशे टक्क्यांवर दासबोध वाचते आणि रफारही तिच्या नजरेतून सुटत नाहीत.

व्हीजीए केबलीने जोडलेला पडदा योग्य आकड्यावर असूनही अक्षरे थरथरत असतील किंवा चित्र एका बाजूस सरकले असेल, तर मॉनिटरच्याच अंगावरील ‘ऑटो’ हे बटण दाबावे. मात्र त्या वेळी पडदाभर मजकूर किंवा चित्र असावे. काळ्या पडद्यावर दाबले तर बिचाऱ्याला कडा सापडत नाहीत. आणि लॅपटॉप दूरचित्रवाणीला जोडल्यावर चारही कडा कापल्या जात असतील, तर तो संगणकाचा दोष नसून दूरचित्रवाणी संचाची जुनी सवय असते. नळीच्या काळात कडांचा खडबडीतपणा लपविण्यासाठी चित्र थोडे मोठे करून दाखवीत. संचाच्या चित्रविषयक यादीत ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय असतो, तो निवडावा.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी आठवीच्या वर्गात गेलो. केबल माझी होती, आकडा यंत्राचा होता आणि तुमचा काही संबंध नव्हता, एवढे सांगितले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, “मग सर, बंदीचे दिवस भरून मिळणार का?” प्रश्न रास्त होता. पुढचे तीन शनिवार शाळा सुटल्यावर दोन-दोन तास खोली त्यांना उघडी ठेवली. घाडीचे प्रमाणपत्र नव्याने छापून त्याच्या वडिलांच्या हाती दिले. त्यांनी ते उजेडात धरून आडनाव दोनदा वाचले, घडी न घालता तसेच हातात धरले आणि पावसात छत्री त्यावर धरून, स्वतः भिजत, बसथांब्याकडे गेले.

नव्या तीन केबली त्याच आठवड्यात आल्या. निकामी ठरविल्याचे ते पत्र मी फाडून टाकले. पाच जुन्या केबली माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहेत. त्यांना दोरीने बांधून वर बाईंनी आपल्या हाताने चिठ्ठी लावली आहे : ‘१२ व १५ नाहीत. मुलांना विचारू नये.’